नोंदीत गुन्हे नाहीत, तरी संध्याकाळी बाग ओस: भिंत बांधण्याआधी हे करा

प्रश्न: आमच्या वस्तीत साधारण एक हेक्टरची बाग आहे. सकाळी ती गजबजलेली असते, पण दिवेलागणीनंतर तासाभरात रिकामी होते. बायका म्हणतात, तिथे भीती वाटते. पोलिसांकडे चौकशी केली तर वर्षभरात एक सायकलचोरी आणि फाटकाशी झालेली एक हाणामारी, एवढीच नोंद निघाली. आमच्या रहिवासी मंडळात आता दोन तट पडलेत. काहींच्या मते भीती निव्वळ मनाची आहे, हे आकडे फलकावर लावले की जाईल. बाकीच्यांना सात फुटी भिंत, दोन फ्लडलाइट आणि आठ कॅमेरे हवेत, शिवाय सूर्यास्तालाच फाटक बंद करायचंय. निधी थोडा आहे. सुरुवात कुठून करावी? – मंडळाची चिटणीस

उत्तर: आकड्यांचा फलक लावू नका, आणि भिंतीचा ठराव तीन महिने लांबणीवर टाका. तेवढ्या वेळात छाटणीची कात्री, चार-सहा नीट बसवलेले दिवे आणि अंधारातली एक फेरी एवढ्याने जे साधेल, ते भिंतीने साधणार नाही. भिंत त्यातलं बरंचसं बिघडवेलच.

आधी पोलीस नोंदीबद्दल. जी बाग संध्याकाळी ओस पडते तिथे संध्याकाळचे गुन्हे कमीच असणार, कारण ज्यांच्या बाबतीत ते घडायचे ती माणसंच तिथे नाहीत. त्यामुळे येणाऱ्या माणसाला धोका किती, हे या दोन नोंदींवरून ठरत नाही. शिवाय ज्यामुळे बायका बागेत जाणं सोडतात ते प्रकार बहुतेक वेळा ठाण्यापर्यंत पोहोचतच नाहीत: टक लावून बघणं, शेरे मारणं, मागोमाग चालत येणं, बाकावर मुद्दाम खेटून बसणं. दुसरी बाजूही तपासा. बाग ही पत्त्याची सोपी खूण असते, म्हणून आजूबाजूच्या रस्त्यावर घडलेलंही तिच्याच नावावर लिहिलं जातं. तेव्हा पोलिसांकडून नुसता आकडा न घेता प्रत्येक नोंदीची नेमकी जागा, वार, वेळ आणि प्रकार मागून घ्या. ती हाणामारी गाडी लावण्यावरून रस्त्यात झाली असेल तर बागेशी तिचा संबंध नाही. सायकल मात्र बागेतल्या स्टँडवरून गेली असेल, तर तो स्टँड पायवाटेवरून आणि फाटकातून सहज दिसेल अशा जागी हलवा. हे काम एका दिवसाचं आहे.

आता भीती मनाची की खरी, या वादाकडे. बागेत पाऊल टाकताना माणूस आकडेवारी आठवत नाही. तो नकळत तीन गोष्टी पाहतो: पुढचं कितपत दिसतंय, कुणाला दबा धरायला आडोसा आहे का, आणि वेळ आलीच तर कुठून निसटता येईल. बोनी फिशर आणि जॅक नासर या संशोधकांनी १९९२ साली एका विद्यापीठाच्या आवारातल्या भीतीचा अभ्यास केला तेव्हा याच तीन गोष्टी तपासल्या होत्या. जिथे दिसत कमी होतं, आडोसे जास्त होते आणि निसटायला वाट नव्हती, तिथे लोकांना भीती जास्त वाटत होती. यात चौथी गोष्ट आम्ही जोडू: ही जागा कुणीतरी सांभाळतंय असं दिसतं का. मोडकं बाक, महिनाभर बंद असलेला दिवा, ओसंडणारी कचरापेटी ही सगळी ‘इथे कुणी फिरकत नाही’ याची चिन्हं. अशा बारीकसारीक पडझडीतून पुढे मोठे गुन्हे वाढतात, असा जेम्स विल्सन आणि जॉर्ज केलिंग यांचा १९८२ मधला सिद्धांत आहे आणि त्यावर आजही जोरदार वाद आहे. पण पडझडीने भीती वाढते, याला तितकासा वाद नाही. तुमचा प्रश्न भीतीचा आहे, म्हणून हे पुरेसं आहे.

थोडक्यात, भीतीला जागा असते आणि वेळ असते. आधी ती शोधा.

मोजणी आणि विचारपूस. दोन आठवडे डोकी मोजा. ठरलेल्या एकाच वाटेने बागेला फेरी मारायची, वाटेत दिसणारा प्रत्येक माणूस एकदाच लिहायचा: स्त्री की पुरुष, अंदाजे वयोगट, एकटा की सोबत, काय करतोय. एक हेक्टरला दहा ते पंधरा मिनिटं पुरतात. वेळा चार ठेवा: सकाळ, दुपार, सूर्यास्ताआधी अर्धा तास आणि सूर्यास्तानंतर एक तास. संध्याकाळच्या दोन वेळा घड्याळावर बांधू नका. उन्हाळ्यात साडेसहाला उजेड असतो आणि हिवाळ्यात काळोख. मग आधीची आणि नंतरची मोजणी ताडून पाहता येत नाही आणि ऋतूचा फरक तुमच्या कामाच्या खात्यावर जमा होतो. पावसाचे दिवस सोडून द्या. या तक्त्यात सगळ्यात बोलका आकडा म्हणजे एकट्या आलेल्या स्त्रिया. एकूण गर्दी वाढली आणि हा आकडा हलला नाही, तर काम झालेलं नाही.

विचारपूस करताना बागेत येणाऱ्यांनाच विचारण्याची चूक सर्रास होते. जे येतात त्यांना बाग बऱ्यापैकी सुरक्षित वाटते, म्हणून तर ते येतात. न येणाऱ्यांना शोधायला पाच ते दहा मिनिटांच्या चालीवरच्या घरांत जावं लागतं. प्रश्न सात-आठच ठेवा आणि ‘बागेत गुन्हेगारी आहे असं वाटतं का?’ याने सुरुवात करू नका. ज्याच्या डोक्यात ते नव्हतं त्याच्याही डोक्यात तुम्ही ते घालाल. आधी विचारा, कधी येता, काय आवडतं. मग: कुठल्या भागात जाणं टाळता? किती वाजल्यानंतर? टाळता ते कशामुळे: स्वतः अनुभवलं, पाहिलं, की ऐकलं? हा शेवटचा फरक महत्त्वाचा. ‘ऐकलं’ म्हणणारे जास्त निघाले तर बागेची बदनामी बागेपेक्षा मोठी आहे, आणि तिला उतरायला सुधारणेनंतरही सहा महिने ते वर्ष लागेल असं धरून चाला. सोबत बागेचा हाताने काढलेला नकाशा द्या आणि नकोशा जागी फुली मारायला सांगा. शंभरेक उत्तरं पुरतात, पण तेवढ्यावर दहा टक्क्यांपर्यंतचा फरक नुसत्या योगायोगानेही पडू शकतो. ५५ चे ६० टक्के झाले म्हणून पेढे वाटू नका. फुल्या मात्र शंभर कागदांवर दोन-तीन ठिकाणीच दाटलेल्या दिसतील. काम तिथे आहे.

अंधारातली फेरी. टोरांटोच्या मेट्रॅक या संस्थेने १९८९ मध्ये स्त्रियांची सुरक्षा-पाहणी म्हणून ही पद्धत रुजवली. पुढे ती अनेक देशांत गेली. चार ते सहा जण असावेत, त्यांत निम्म्याहून अधिक स्त्रिया, एक वयस्क व्यक्ती आणि जमल्यास चाकाच्या खुर्चीवरची एक. बसलेल्या माणसाची नजर जमिनीपासून सव्वा मीटरच्या आतबाहेर असते. उभ्या माणसाला जे झुडूप कमरेएवढं वाटतं ते बसलेल्याची वाट पूर्ण झाकतं. दिवस असा निवडा की चांदणं नसेल आणि झाडांना पूर्ण पालवी असेल. फेरी बागेच्या फाटकापासून नको, लोक जिथून चालत येतात त्या थांब्यापासून किंवा कोपऱ्यापासून सुरू करा. कित्येकदा बाग ठीक असते आणि तिच्याकडे येणारी गल्लीच लोकांना घाबरवते.

दर तीस-चाळीस पावलांवर थांबा. मोबाइलचा टॉर्च बंद. पुढचं वळण दिसतंय का? वळणापलीकडचं? इथून ओरडलं तर ऐकायला कोण आहे? सर्वांत जवळचं फाटक कुठे आणि तिथे जाताना आणखी अंधारातून जावं लागतं का? मग एक साधी चाचणी: एकाने वाटेवर उभं राहायचं, दुसऱ्याने पंचवीस मीटरवरून त्याच्याकडे चालत यायचं, आणि चेहरा ओळखू आला की थांबायचं. दिवसा हे वीस-पंचवीस मीटरवर जमतं. रात्री निदान दहा मीटरवर जमायला हवं. चार मीटरवर आल्याशिवाय समोरचा कोण ते कळत नसेल, तर रस्ता बदलायलाही उशीर झालेला असतो. फोटो काढाल, पण त्यावरून निर्णय घेऊ नका; मोबाइलचा रात्रीचा मोड मिट्ट अंधारालाही उजळून दाखवतो आणि सभेत ‘इथे तर छान दिसतंय’ असं कुणीतरी म्हणतंच. टिपणं तिथल्या तिथे लिहा.

झुडपं. एवढं झाल्यावर पहिला खर्च छाटणीवर. सूत्र सोपं आहे: पायवाटेलगतची झुडपं साठ-सत्तर सेंटिमीटरच्या वर नकोत आणि झाडांच्या फांद्या दोन-सव्वादोन मीटरच्या खाली नकोत. मधला पट्टा नजरेसाठी मोकळा. वाटेच्या दोन्ही बाजूंना दोन ते तीन मीटर एवढंच पाळलं तरी चालतं. आतल्या भागातली दाट झाडी तशीच राहू द्या, पक्ष्यांना आणि मातीला तिची गरज आहे. इथे दोन चुका नेहमीच्या. पहिली, दीड मीटरची मेहंदी सव्वा मीटरवर कापून ‘छाटणी झाली’ म्हणणं. तिच्यामागे बसलेला माणूस अजून दिसत नाही, आणि वरून कापल्याने ती खालून अधिकच दाट होते. जी जात मुळातच उंच वाढते तिला वर्षात तीन-चारदा कापत बसण्यापेक्षा वाटेलगत बुटकी जात लावणं परवडतं. दुसरी चूक, घाबरून सगळंच तोडणं. उघडीबोडकी जागा दुपारी तापते, लोक यायचे थांबतात आणि आपण फिरून तिथेच येतो. फिलाडेल्फियात ५४१ पडीक भूखंडांवर केलेला आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग इथे लक्षात ठेवण्याजोगा आहे. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निवडलेले काही भूखंड साफ करून तिथे हिरवळ, थोडी झाडं आणि बुटकं, आरपार दिसणारं लाकडी कुंपण एवढंच केलं. शेजाऱ्यांची भीती उतरली, आणि सर्वांत गरीब वस्त्यांत बंदुकीचा हिंसाचार २९ टक्क्यांनी घटला. म्हणजे झाडं नडत नाहीत, नजर अडणं नडतं.

दिवे. फ्लडलाइट तर नकोच, आणि याबाबत आमचं मत पक्कं आहे. प्रखर झोतात उभ्या असलेल्या माणसाचे डोळे त्या उजेडाला सरावतात. झोताबाहेरचा भाग त्याला काळाकुट्ट दिसतो. झोतातला माणूस सगळ्यांना दिसतो आणि त्याला कुणी दिसत नाही. अंधाराला डोळे पुरते सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, तोवर तो घरी पोहोचलेला असतो. बागेला हवा असतो तो सारखा पसरलेला उजेड. पायवाटेवर सरासरी ५ ते १० लक्स (जागेवर पडणारा उजेड मोजायचं एकक) पुरतात, अट एवढीच की दोन खांबांच्या मधल्या सर्वांत अंधाऱ्या बिंदूवरही १ ते २ लक्स असावेत. चार ते पाच मीटर उंचीचे खांब, एकमेकांपासून पंधरा ते वीस मीटरवर, उजेड खाली आणि बाजूला टाकणारे, वर आभाळात न जाणारे. रंग उबदार पांढरा, ३००० केल्विनच्या आसपास, आणि रंगदर्शकता निर्देशांक, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचं माप, ७० किंवा जास्त. नाहीतर कपड्यांचे रंग आणि चेहरे राखाडी दिसतात. नुसती वाट उजळून भागत नाही. वाटेच्या कडा आणि समोरून येणाऱ्याचा चेहरा दिसला पाहिजे, म्हणून गुडघ्याएवढे शोभेचे दिवे या कामाचे नाहीत.

दिवा बसवून फसण्याचं सर्वांत मोठं कारण झाड हेच असतं. मांडणी कागदावर होते, कागदावर फांद्या नसतात. खांब ठरवताना माळ्याला सोबत घ्या आणि दिवा पानांच्या खाली येईल असं पाहा. काम झाल्यावर कंत्राटदाराचं बिल देण्याआधी लक्समीटरने वाटेच्या मध्यावर आणि दोन्ही कडांवर दर दोन-तीन मीटरला मोजा. मोबाइलमधली अॅप इतक्या कमी उजेडात भरवशाची नसतात. प्रत्येक खांबाला ठळक क्रमांक आणि तक्रारीचा फोन नंबर लावा. ‘तळ्याजवळचा दिवा गेलाय’ या तक्रारीवर माणूस चुकीच्या खांबाशी जाऊन परत येतो. ‘खांब १४’ वर येत नाही. दुरुस्ती तीन दिवसांत, हे करारातच लिहून घ्या.

आणि सगळी बाग उजळू नका. फाटकापासून फाटकापर्यंतची एक मुख्य वाट नीट उजळा, बाकीच्या वाटा अंधारात राहू द्या. मागच्या कोपऱ्यातली, पुढे कुठेच न जाणारी वाट उजळली तर ‘इकडे यायला हरकत नाही’ असं ती सांगते, आणि तिथे ना नजर असते ना बाहेर पडायला वाट. दिव्यांनी गुन्हे खरंच कमी होतात का, असं कुणी विचारेल. न्यूयॉर्कच्या सरकारी गृहसंकुलांत २०१६ मध्ये तात्पुरते दिवे लावून प्रयोग झाला, त्यात उघड्यावरचे रात्रीचे गंभीर गुन्हे सुमारे ३६ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. ते संकुलांचं आवार होतं, बाग नव्हे, आणि दिवेही फार प्रखर होते. तोच आकडा तुमच्या सभेत आश्वासन म्हणून वापरू नका.

भिंत आणि कॅमेरे. सात फुटी भिंत रस्त्यावरच्या आणि समोरच्या खिडक्यांतल्या सगळ्या नजरा एका झटक्यात बंद करते. आत जो त्रास देतो त्याला याहून चांगली सोय नाही. न्यूयॉर्कचं ब्रायंट पार्क याचं ठळक उदाहरण. रस्त्यापेक्षा उंचावर, कुंपण आणि उंच झुडपांआड गेलेलं हे उद्यान अमली पदार्थांच्या विक्रीसाठी बदनाम झालं होतं. सार्वजनिक जागांचे अभ्यासक विल्यम व्हाइट यांचा सल्ला नेमका उलटा होता: आडोसे काढा, प्रवेश मोकळे करा. १९८८ मध्ये उद्यान बंद झालं, १९९२ मध्ये नव्या रूपात उघडलं: झुडपांची भिंत गेली, वाटा रुंद झाल्या, हव्या तिथे ओढून घेता येतील अशा खुर्च्या आल्या, खाण्याचे ठेले आणि स्वच्छतागृहं आली. कुंपण लागतंच असेल तर आरपार दिसणारं घाला आणि समोरासमोर निदान दोन फाटकं ठेवा.

कॅमेऱ्यांचा चांगला उपयोग दिसतो तो मुख्यतः वाहनतळांवर. मोकळ्या जागेत परिणाम कमी. बागेत फांद्या आड येतात, भिंगासमोर कोळी जाळं विणतो आणि इन्फ्रारेडच्या उजेडात पडद्यावर फक्त ते जाळंच चमकतं. चित्रण कोण पाहणार, किती दिवस ठेवणार, याचं उत्तर नसेल तर आठ कॅमेऱ्यांचे पैसे रोज संध्याकाळी दोन-तीन तास बागेत काम करणाऱ्या माळ्यावर घाला. गणवेशातला रखवालदार फाटकाशी खुर्ची टाकून बसतो, माळी बागभर फिरतो.

माणसं. उजेड आणि नजर मोकळी झाली तरी थांबायला कारण लागतं. बाकं वाटेलगत, पाठीशी काहीतरी आणि समोर मोकळं अशी ठेवा. झुडपांच्या खोबणीतलं एकटं बाक हलवा. स्वच्छतागृहाचं दार मुख्य वाटेकडे उघडणारं हवं. मुलांचं खेळायचं अंगण घरांतून दिसेल अशा बाजूला. तुमच्या फुल्यांमध्ये ‘पोरांचं टोळकं’ हे कारण हमखास निघेल. बाकं काढून त्यांना हाकलणं हा उपाय जगभर करून झालाय. ती पोरं पन्नास पावलं पुढे, बहुधा आणखी अंधारात जाऊन बसतात. त्यांच्यासाठी दिसेल अशी पण फाटकाच्या अगदी तोंडाशी नसलेली जागा करा, कारण फाटकाच्या दोन्ही बाजूंना बसलेल्या घोळक्यामधून आत शिरणं हेच बऱ्याच जणींना नको असतं. आणि नुसतं बसणं गुन्हा नाही, हे सभेत कुणीतरी म्हणायला हवं. भीती आणि नावड यांची लोक बेमालूम गल्लत करतात, म्हणून ‘त्यांनी काय केलं?’ हा प्रश्न प्रत्येक तक्रारीला विचारा.

मुलींचा वेगळा विचार करा. व्हिएन्नात १९९६-९७ च्या पाहणीत दिसलं की साधारण नऊ वर्षांनंतर मुलींचं बागेत येणं एकदम घटतं, मुलांचं तसं होत नाही. मोकळं मैदान एकच असलं की ते मोठ्या मुलांच्या ताब्यात जातं. तिथे १९९९ पासून काही बागांची मांडणी बदलून मोठ्या जागेचे लहान भाग केले, वाटा वाढवल्या, वेगवेगळ्या खेळांना जागा दिली. जाळीबंद मैदानाला एकच दार असेल तर दुसरं करून घ्या. दार अडवून उभं राहणाऱ्याची सत्ता तिथेच संपते.

फाटक बंद करण्याच्या वेळेचा निर्णय सगळ्यात शेवटी घ्या, दिवे आणि छाटणी होऊन दोन महिने गेल्यावर. सूर्यास्तालाच बंद केलंत तर नोकरी करणाऱ्यांना बाग कायमची बंद झाली, आणि तुमच्या मोजणीला मोजायलाही काही उरणार नाही. वेळ कोणतीही ठरो, बंद करण्याआधी पंधरा मिनिटं घंटा किंवा शिट्टी द्या, कुणीतरी आतून पूर्ण फेरी मारूनच कुलूप लावा, दिवे त्यानंतर अर्धा तास चालू ठेवा, आणि एका फाटकाला आतून उघडणारी, बाहेरून न उघडणारी कडी बसवा. आत कोंडल्या गेलेल्या बाईची एक कहाणी वस्तीत फिरली की तुमचे सगळे खांब वाया जातात.